पहिल्या शेकोटीत पुतळा नव्हता

नोव्हेंबर लागला की इंग्लंडमध्ये दिवस झपाट्याने आखडतो. पाच तारखेला लंडनमध्ये दुपारी साडेचारच्या सुमारासच सूर्य मावळतो, आणि अंधार दाटताच गावोगावच्या मैदानांवर लाकडांचे उंच ढीग पेटवले जातात. लोकरी टोप्या-हातमोजे घातलेली मुले वडिलांच्या खांद्यावर बसून आकाशातील शोभेची दारू पाहतात. निखाऱ्यांत बटाटे भाजले जातात. यॉर्कशायरकडे ओटचे पीठ, सुंठ आणि काकवीसारखा दाट पाक यांचा ‘पार्किन’ नावाचा केक वाटला जातो. भारतातून तिकडे जाऊन स्थायिक झालेल्या कुटुंबांना तर दिवाळीच थोडी लांबली असे वाटावे, इतके ते दृश्य ओळखीचे असते.

या सणाला कोणी ‘बॉनफायर नाइट’ म्हणतो, कोणी ‘गाय फॉक्स नाइट’. पहिले नाव शेकोटीचे आहे, दुसरे एका माणसाचे. शेकोटीवर एक बुजगावण्यासारखा पुतळा जाळण्याची प्रथा होती आणि काही ठिकाणी अजूनही आहे. तो पुतळा याच माणसाचा. ज्याला असे दरवर्षी जाळले जाते, त्याने असे काय केले होते, हा प्रश्न साहजिक आहे. परंतु त्याहूनही विचार करण्याजोगा प्रश्न दुसराच आहे. ज्या रात्री ही शेकोटी पहिल्यांदा पेटली, त्या रात्री तिच्यात कोणाचाही पुतळा नव्हता. मग तो आला कधी, आणि कशामुळे?

दंडाचे दिवस

सोळाव्या शतकात इंग्लंडची प्रजा एकाच ख्रिस्ती धर्मातील दोन पंथांत दुभंगली होती. राणी मेरी कॅथॉलिक होती. तिच्या अवघ्या पाच वर्षांच्या राज्यात सुमारे २८० प्रोटेस्टंटांना जिवंत जाळण्यात आले. १५५८ साली तिची बहीण एलिझाबेथ गादीवर आली आणि पारडे फिरले. आता राज्याचा पंथ प्रोटेस्टंट झाला व कॅथॉलिकांची परीक्षा सुरू झाली. रविवारी सरकारमान्य चर्चमध्ये न जाणाऱ्यास प्रथम एक शिलिंग दंड होता. १५८१ साली तो महिना २० पौंड करण्यात आला. सामान्य कारागिराची वर्षभराची कमाईही त्या काळी २० पौंडांना पोहोचत नसे. दंड थकला तर जमिनीचे दोनतृतीयांश उत्पन्न सरकारजमा होई. कॅथॉलिक पाद्र्याला घरात आसरा देणे हा तर प्राणावर बेतणारा गुन्हा होता. म्हणून जुन्या वाड्यांच्या भिंतींत, जिन्यांखाली, चुलीच्या धुराड्यामागे माणूस जेमतेम मावेल असे चोरकप्पे केले जात. असे कप्पे करण्यात निष्णात असलेला निकोलस ओवेन नावाचा सुतार हे काम रात्री एकट्याने करी, म्हणजे त्याचा सुगावा इतर कोणाला लागू नये.

१६०३ साली एलिझाबेथ निवर्तली आणि स्कॉटलंडचा राजा जेम्स इंग्लंडच्या गादीवर आला. पुढे ज्याचा वकील सर टॉमस रो बादशहा जहांगीराच्या दरबारी आला, तोच हा जेम्स. त्याची आई कॅथॉलिक होती. त्यामुळे आता छळ थांबेल अशी आशा अनेकांना वाटली. सुरुवातीस दंडाची वसुली सैलही झाली. परंतु १६०४ च्या फेब्रुवारीत पाद्र्यांनी देश सोडावा असे फर्मान निघाले आणि दंड पुन्हा सुरू झाले. त्याच वर्षी इंग्लंडचा स्पेनशी तह झाल्याने परदेशी मदतीचा आधारही गेला. आशा दाखवून हिरावून घेतली की माणूस अधिक कडवट होतो. त्या कडवटपणातूनच पुढचे कारस्थान जन्मले.

छत्तीस पिंपे

त्याचा सूत्रधार रॉबर्ट केट्सबी हा वॉरिकशायरचा एक सधन, देखणा आणि बोलण्यात वाकबगार असा गृहस्थ होता. एका पाद्र्याला आसरा दिल्याच्या आरोपावरून त्याच्या वडिलांनी तुरुंगवास भोगला होता. स्वतः केट्सबीला १६०१ सालच्या एका बंडात सामील झाल्याबद्दल ४००० मार्कांचा दंड झाला आणि तो फेडण्यासाठी चॅसल्टनची जमीन विकावी लागली. २० मे १६०४ रोजी लंडनमधील एका खानावळीत त्याने चार विश्वासू माणसे एकत्र केली. हळूहळू त्यांची संख्या तेरा झाली.

बेत भयंकर होता. पार्लमेंटच्या उद्घाटनाच्या दिवशी राजा, राणी, थोरला राजपुत्र, उमराव, बिशप, न्यायाधीश आणि लोकप्रतिनिधी असे सर्व उमरावसभेच्या दालनात जमतील, त्याच वेळी खालून सुरुंग लावून ते दालन उडवायचे. मग नऊ वर्षांच्या राजकन्येला ताब्यात घेऊन तिच्या नावाने राज्य चालवायचे. दालनाखालची कोठार म्हणून वापरली जाणारी जागा भाड्याने मिळत होती. ती रीतसर भाडे भरून घेण्यात आली आणि तिच्यात बंदुकीच्या दारूची ३६ पिंपे रचून त्यांवर जळाऊ लाकूड व कोळसा पसरण्यात आला. वरून पाहणाऱ्यास ती हिवाळ्याची बेगमी वाटावी.

सुरुंगाला वात लावण्याचे काम गाय फॉक्सकडे होते. तो १५७० साली यॉर्क शहरात जन्मला. तरुणपणी तो स्पेनच्या सैन्यातून नेदरलँड्समध्ये लढला होता. दारूगोळा हाताळण्याचा अनुभव त्याला तिथेच मिळाला. लंडनमध्ये त्याचा चेहरा कोणाच्या ओळखीचा नव्हता, म्हणून ‘जॉन जॉन्सन’ असे खोटे नाव घेऊन तो कोठाराचा राखणदार झाला. कटाची कल्पना त्याची नव्हती आणि नेतृत्वही त्याच्याकडे नव्हते. तरीही पुढे जगाच्या लक्षात राहिले ते त्याचेच नाव.

एका जिवाची काळजी

प्लेगमुळे पार्लमेंटचे उद्घाटन पुन्हा पुन्हा लांबणीवर पडले आणि अखेर ५ नोव्हेंबर १६०५ हा दिवस मुक्रर झाला. या मधल्या काळात कटवाल्यांच्या मनात एक शल्य सलू लागले. त्या दालनात कॅथॉलिक उमरावही बसणार होते. त्यांपैकी काही मित्र होते, काही नातेवाईक. त्यांचे काय?

२६ ऑक्टोबरच्या संध्याकाळी लॉर्ड माँटीगल हे आपल्या घरी जेवायला बसले असता एक निनावी पत्र त्यांच्या हाती आले. त्याचा आशय असा होता : जीव प्यारा असेल तर काही निमित्त काढून पार्लमेंटला जाणे टाळावे आणि आपल्या गावी निघून जावे, या पार्लमेंटवर एक भयंकर आघात होणार आहे आणि तो कोणी केला हे कोणाला दिसणारही नाही. वाचून झाल्यावर हे पत्र जाळून टाकावे, अशी विनंतीही त्यात होती. माँटीगल यांनी ते जाळले नाही. त्याच रात्री ते मंत्री सॉल्सबरी यांच्याकडे पोहोचते केले. जाळण्यासाठी लिहिलेले ते पत्र आजही ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जपून ठेवलेले आहे.

पत्र कोणी लिहिले, हे आजवर सिद्ध झालेले नाही. सर्वाधिक संशय फ्रान्सिस ट्रेशम याच्यावर घेतला जातो. तो कटात सर्वांत शेवटी ओढला गेलेला आणि माँटीगल यांचा मेहुणा होता. लिहिणारा कोणीही असो, शेकडो माणसांचा संहार टळला तो एका माणसाला एका जिवाची काळजी वाटली म्हणून. कटवाल्यांनाही पत्राची कुणकुण लागली होती; पण केट्सबीने माघार घेतली नाही.

४ नोव्हेंबरला संध्याकाळी अधिकाऱ्यांनी तळमजल्याची पहिली पाहणी केली. इतक्या लहान बिऱ्हाडाला एवढे लाकूड कशाला, अशी शंका आली. मध्यरात्रीच्या सुमारास सर टॉमस निव्हेट दुसऱ्यांदा झडतीला आले, तेव्हा झगा आणि रिकिबीचे बूट घालून पळण्याच्या तयारीत असलेला ‘जॉन्सन’ तिथेच सापडला. त्याच्यापाशी वात होती. लाकडे बाजूला होताच पिंपे दिसली.

केट्सबी व त्याचे साथीदार उत्तरेकडे पळाले. स्टॅफर्डशायरमधील होलबीच हाउस या घरात त्यांनी पावसात भिजलेली बंदुकीची दारू वाळवण्यासाठी शेकोटीपुढे पसरली. ठिणगी उडाली आणि ती दारू त्यांच्याच अंगावर पेटली. एकाची दृष्टी गेली, इतर होरपळले. ८ नोव्हेंबरच्या सकाळी शिपायांनी घराला वेढा घातला आणि केट्सबी गोळी लागून मेला. फॉक्सचा टॉवरमध्ये छळ करण्यात आला. छळानंतरच्या कबुलीजबाबावरील त्याची सही इतकी दुबळी, वेडीवाकडी आहे की ती पाहताना त्याच्या अपराधाची जाणीव असूनही मन कळवळते. ३१ जानेवारी १६०६ रोजी त्याला फाशी देण्यात आली.

पहिली शेकोटी

आता त्या पहिल्या रात्रीकडे वळले पाहिजे. ५ नोव्हेंबरला सकाळपासून बातमी लंडनभर पसरली. राजा वाचला, पार्लमेंट वाचले. आनंदाच्या प्रसंगी रस्त्यात शेकोट्या पेटवण्याची आणि चर्चच्या घंटा वाजवण्याची चाल तिथे पूर्वीपासूनच होती. लोकांना त्या रात्री शेकोट्या पेटवण्याची मुभा मिळाली. अट एवढीच की कोणताही धोका वा दंगा होऊ नये.

त्या रात्री विस्तवाभोवती जमलेल्यांना ‘गाय फॉक्स’ हे नावच ठाऊक नव्हते. पकडलेला मनुष्य अजून ‘जॉन्सन’ म्हणूनच ओळखला जात होता. त्याने आपले खरे नाव सांगितले ते दोन दिवसांनी. ती शेकोटी कोणाला जाळण्यासाठी नव्हती. मोठे संकट टळल्यावर माणूस देवापुढे दिवा लावतो, तशी ती होती. खुद्द राजाचे भानही सुटले नव्हते. ९ नोव्हेंबरच्या भाषणात त्याने स्पष्ट केले की, काहींनी हा अपराध केला म्हणून त्या पंथाचे सारेच लोक अपराधी ठरत नाहीत. इंग्लंडमधील कॅथॉलिक पाद्र्यांचे प्रमुख जॉर्ज ब्लॅकवेल यांनीही या कृत्याचा जाहीर निषेध केला होता.

सण तिथेच थांबला असता तर तो केवळ कृतज्ञतेचा राहिला असता.

कायद्याने लावलेली आठवण

१६०६ च्या आरंभी पार्लमेंटने कायदा केला की, दरवर्षी ५ नोव्हेंबरला प्रत्येक चर्चमध्ये आभाराची प्रार्थना व्हावी, लोकांनी तिला हजर राहावे आणि तो कायदाच तिथे मोठ्याने वाचून दाखवावा. त्याच वर्षी कॅथॉलिकांवर नवे निर्बंध आले. राजनिष्ठेची शपथ आली. चर्चमध्ये न जाणाऱ्या कॅथॉलिकांना वकिली, वैद्यकी आणि औषधे बनवण्याचा व्यवसाय बंद झाला. कट तेरा जणांचा होता. त्याची किंमत मात्र ज्यांना कटाचा गंधही नव्हता अशा हजारो घरांनी भरली. कोणाचा धंदा गेला, कोणाची शेती गेली. निकोलस ओवेन हा सुतार १६०६ च्या मार्चमध्ये टॉवरमधील छळातच मरण पावला. आपण बांधलेला एकही चोरकप्पा त्याने दाखवला नाही.

आता आठवणीला कायद्याचे बळ होते, आणि आठवण दरवर्षी ताजी होत होती. एक पिढी सरली, दुसरी आली. ज्यांनी तो दिवस पाहिलाच नव्हता, त्यांना तो प्रार्थनेतून आणि प्रवचनांतून शिकवला जाऊ लागला. हळूहळू ‘आपण वाचलो’ हे मागे पडून ‘त्यांनी मारले असते’ हेच पुढे आले. १६७३ साली राजाच्या भावाने कॅथॉलिक पंथ स्वीकारल्याचे उघड झाले, तेव्हा लंडनच्या शेकोटीत पोपचा पुतळा जळाला. रिकाम्या शेकोटीत चेहरा आला तो असा. १६७७ साली १७ नोव्हेंबरला, म्हणजे एलिझाबेथच्या राज्यारोहणाच्या दिवशी निघालेल्या अशाच मिरवणुकीतील पोपच्या पुतळ्याच्या पोटात जिवंत मांजरे भरण्यात आली होती. आग लागताच त्यांच्या किंकाळ्यांवर गर्दी हसली. संकटातून सुटल्याच्या आनंदाचा प्रवास इथवर येऊन ठेपला होता. पुढच्याच वर्षी टायटस ओट्स नावाच्या माणसाने कॅथॉलिकांचा एक नवा कट साफ खोटा रचून सांगितला. लोकांनी तो खरा मानला, कारण दर नोव्हेंबरला त्यांची तशी तयारी होत होती. त्या खोट्या साक्षींवर निदान १५ निरपराध माणसे फासावर गेली.

धग कशी निवली

ही धग एकाएकी निवली नाही, आणि कोणत्याही एका थोर पुरुषाने ती विझवली असेही नाही. मात्र काही पावले लक्षात ठेवण्याजोगी आहेत. हा सण इंग्रज वसाहतकारांबरोबर अमेरिकेत गेला होता आणि बॉस्टनमध्ये त्याला ‘पोप डे’ म्हणत. ५ नोव्हेंबर १७७५ रोजी सेनापती जॉर्ज वॉशिंग्टन यांनी आपल्या सैन्याला पोपचा पुतळा जाळण्यास मनाई केली. कॅनडातील कॅथॉलिकांची मैत्री हवी असताना त्यांच्या श्रद्धेची अशी विटंबना करणे हे असभ्यपणाचे आणि मूर्खपणाचे आहे, हे त्यांनी सैनिकांना बजावले. त्या मनाईत व्यवहाराचा भाग होता हे उघड आहे; परंतु ज्याच्याशी उद्या व्यवहार करायचा आहे त्याचा आज अपमान करू नये, हे शहाणपणही लहान नव्हे.

इंग्लंडमध्ये अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोपच्या जागी फॉक्सचा पुतळा येऊ लागला. जुने कपडे आणि पेंढा भरून मुले तो तयार करीत, रस्त्याच्या कडेला मांडीत आणि ‘गायसाठी एक पेनी’ मागत. जमलेल्या पैशांतून फटाके येत. त्या गबाळ्या बुजगावण्यावरून गबाळ्या माणसालाच ‘गाय’ म्हणू लागले, आणि अमेरिकेत जाऊन त्या शब्दाचा अर्थ नुसता ‘माणूस’ असा झाला. आज जगभरची तरुण मुले एकमेकांना त्या शब्दाने हाक मारतात. तो एका फाशी गेलेल्या माणसाचे नाव आहे हे त्यांच्या गावीही नसते.

१८२९ साली कॅथॉलिकांना पार्लमेंटमध्ये बसण्याचा हक्क परत मिळाला. १८५९ साली आभारप्रार्थनेचा तो जुना कायदा रद्द झाला. तो तब्बल २५३ वर्षे अमलात होता. ज्या आठवणीमागे सक्ती उरली नाही, ती आपोआप सौम्य झाली. मुलांचा खेळ झाली, गावाचा मेळा झाली. ससेक्समधील ल्युइस गावात मात्र आजही जुन्या इतिहासाची धग जाणवते. मेरी राणीच्या काळात तिथे १७ प्रोटेस्टंटांना जाळले होते, त्यांच्या स्मरणार्थ आजही १७ जळते क्रूस मिरवले जातात. उलट यॉर्कमधील सेंट पीटर्स या शाळेत गाय फॉक्सचा पुतळा जाळला जात नाही. तो तिचा विद्यार्थी होता. त्याने केले ते वाईटच, परंतु आपल्याच वर्गातून गेलेल्या मुलाला कसे जाळायचे, असा साधा विचार त्यामागे आहे. शत्रूलाही एक शाळा होती, एक आई होती, एवढे ज्याला आठवते त्याचा हात वातीपाशी थोडा थांबतो.

आज शेकोटीसंबंधी दिल्या जाणाऱ्या सूचना वाचल्या तर हा बदल किती दूरवर गेला आहे हे कळते. हेजहॉग नावाचा काटेरी अंगाचा एक लहान प्राणी थंडीत झोपण्यासाठी जागा शोधत याच दिवसांत लाकडांच्या ढिगात शिरतो. म्हणून प्राणिमित्र संस्था दरवर्षी सांगतात की, ढीग आधीपासून रचून ठेवू नये. ठेवलाच तर पेटवण्यापूर्वी तो उलगडून, आत कोणी नाही ना हे पाहावे. ज्या देशात एके काळी पुतळ्याच्या पोटात जिवंत मांजरे भरली जात, त्याच देशात आता विस्तव लावण्यापूर्वी एका मुक्या जिवासाठी ढीग उपसला जातो. इंग्लंडच्या कायद्यात रात्री ११ नंतर फटाके उडवण्यास बंदी आहे. ५ नोव्हेंबरला ती मध्यरात्रीपर्यंत शिथिल होते, आणि दिवाळीच्या रात्री एक वाजेपर्यंत. एकाच पंथाच्या विजयासाठी पेटलेल्या त्या रात्रीशेजारी आता दुसऱ्या देशाच्या, दुसऱ्या श्रद्धेच्या दिव्यांनाही जागा मिळाली आहे.

पार्लमेंटच्या उद्घाटनापूर्वी राजाचे रक्षक आजही कंदील घेऊन तळघरांची झडती घेतात. आता तो केवळ रिवाज आहे. तिथे पिंपे सापडणार नाहीत हे सर्वांना माहीत असते. परंतु प्रत्येक घराला, प्रत्येक समाजाला असे एक तळघर असते. जुन्या अपमानांची, जुन्या भांडणांची, वाटणीच्या वेळी दुखावलेल्या शब्दांची पिंपे तिथे वरून लाकूड-कोळसा पसरून ठेवलेली असतात. वर्षातून एकदा तरी कंदील घेऊन खाली उतरावे आणि काय साठले आहे ते पाहावे. संकट टळल्याची आठवण जरूर ठेवावी. कोणी टाळले, कोणी वेळेवर सावध केले, ते मुलांना आवर्जून सांगावे. इंग्लंडच्या त्या सणात वात लावू पाहणाऱ्याचे नाव चारशे वर्षे दुमदुमते आहे, आणि पत्र लिहिणाऱ्याचे नाव कोणालाच ठाऊक नाही. शेकोटीच्या उजेडात सर्वांत आधी आठवण व्हावी ती त्या निनावी हाताची.